‘भेड़/बकरी’ यांमधली तिरकी रेघ : जंताच्या औषधाच्या एका बाटलीचे परीक्षण

इंदुरात जनावरांच्या औषधांच्या दुकानात जाऊन शेळ्या-मेंढ्यांसाठी जंताचे औषध मागितले, की दुकानदार मागे वळूनही न पाहता फडताळाकडे हात लांबवतो आणि अल्बेंडाझोलची पांढरी बाटली पुढ्यात ठेवतो. मीही गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर तीच आणली. एक लिटर, अडीच टक्के, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरात २५ मिलिग्रॅम औषध. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आजवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या वापरून झाल्या आणि ज्या एका ओळीविषयी मला तक्रार करायची आहे ती तिन्हींवर जवळजवळ सारखीच छापलेली होती. ती ओळ अशी : ‘भेड़/बकरी’, आणि पुढे शरीराच्या प्रत्येक किलोमागे साडेसात मिलिग्रॅम. दोन जनावरे, मध्ये एक तिरकी रेघ, आणि मात्रा एकच.

आधी माझ्या वाड्याची माहिती द्यायला हवी, नाहीतर परीक्षण कशाच्या आधारावर केले हे कळणार नाही. खंडवा रस्त्याला सिमरोलच्या अलीकडे आमची थोडी शेती आहे. तेथे चौदा शेळ्या आणि दोन बोकड आहेत, बहुतेक बरबरी आणि गावठी यांच्या मिश्रणाचे. शिवाय नऊ मेंढ्या आहेत. त्या मारवाडकडून दरवर्षी माळव्यात उतरणाऱ्या एका मेंढपाळाकडून घेतलेल्या आहेत. पीक निघाल्यावर शेतात मेंढरे बसवायला तो येतो, त्या ओळखीतून हा व्यवहार झाला. मल्हाररावांच्या धनगर घराण्याने नावारूपाला आणलेल्या शहरात तीन पिढ्या राहूनही मेंढी कशी धरावी, हे मला मारवाड्याकडून शिकावे लागले, ही गोष्ट मी नातेवाइकांत सहसा काढत नाही. परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की दोन्ही जनावरे एकाच कुरणात चरतात, त्यामुळे एकमेकांचेच जंत त्यांच्या पोटात जातात.

बाटलीविषयी म्हणून जे सांगायचे ते थोडक्यात सांगतो. प्लास्टिक जाड आहे, झाकण गळत नाही, वापरण्याची मुदत स्पष्ट छापलेली आहे. मापाची टोपी मात्र निरुपयोगी म्हणावी लागेल, कारण तिच्यावर १०, २० आणि ३० अशा तीनच रेघा आहेत आणि तीस किलोच्या जनावराला लेबलाप्रमाणे ९ मिलिलिटर औषध लागते. टोपी बाजूला ठेवून सुई काढलेली वीस मिलिलिटरची सिरिंज वापरावी. दुसरी गोष्ट, हे औषध पाण्यात विरघळलेले नसते, नुसते तरंगत असते. बाटली आठवडाभर उभी राहिली की खाली दाट साका बसतो. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवली नाही, तर पहिल्या जनावरांच्या वाट्याला पाणी येते आणि शेवटच्यांच्या वाट्याला खडू. हलवल्यावर ते पुन्हा एकजीव होते आणि सिरिंजच्या तोंडाशी गुठळी अडकत नाही. या बाबतीत या बाटलीला पूर्ण गुण.

आता मूळ मुद्दा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व जनावरांना काट्यावर तोलून लेबलाप्रमाणे औषध पाजले. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचे आहे आणि या भागातील बरेच पशुवैद्य तेथेच शिकलेले असतात. त्यांपैकी एक तरुण डॉक्टर आमच्याकडे येतात. त्यांनी औषध पाजण्याच्या दिवशी आणि त्यानंतर चौदाव्या दिवशी, दोन्ही वेळा शेळ्यांच्या आणि मेंढ्यांच्या लेंड्यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत घेतले. लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करतात, अंडी हलकी असल्याने वर तरंगतात, आणि चौकटी आखलेल्या काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजतात. औषध नीट लागू पडले तर अंड्यांची संख्या किमान ९५ टक्क्यांनी उतरली पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. मेंढ्यांच्या काचेवर चौदाव्या दिवशी डॉक्टरांना जवळजवळ काही सापडले नाही. शेळ्यांची काच त्यांनी मला पाहायला दिली. करड्या गाळात लंबगोल, पातळ सालीची, आत द्राक्षांच्या घडासारखा पुंजका असलेली अंडी एकामागून एक सरकत होती; पहिल्या दिवशीच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास अजून शिल्लक होती.

माझी पहिली प्रतिक्रिया अर्थातच दुकानदाराला दोष देण्याची होती. औषध बनावट असावे, नाहीतर जंत औषधाला निगरगट्ट झालेले असावेत. डॉक्टरांनी दोन्ही शंका एका वाक्यात मोडीत काढल्या. बाटली तीच, दिवस तोच, कुरण तेच आणि जंतही तेच असताना मेंढीच्या पोटातले जंत मेले. मग औषध खोटे कसे आणि जंत निगरगट्ट कसे? बदलली होती ती फक्त शेळी.

मेंढी मान खाली घालून गवत खाते. शेळी मान वर करून, जमल्यास मागच्या पायांवर उभी राहून बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, कडुनिंबाचे शेंडे ओरबाडते. या कडू-तुरट पाल्यांमध्ये झाडाने स्वतःच्या बचावासाठी साठवलेली नाना प्रकारची द्रव्ये असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ती पचवत आलेल्या शेळीचे यकृत परकी द्रव्ये मोडून बाहेर टाकण्यात मेंढीपेक्षा कितीतरी तरबेज झाले आहे, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. जंताचे औषध हे त्या यकृताच्या दृष्टीने आणखी एक कडू पाला. याची दुसरी बाजू अशी, की उंचावर खाणाऱ्या जनावराच्या तोंडात जमिनीलगतच्या गवतावर चढणाऱ्या जंतांच्या अळ्या फारशा जात नसत. त्यामुळे जंतांशी झुंजण्याची मेंढीइतकी ताकद शेळीच्या अंगात आलीच नाही. आपण तिला कुंपणात कोंडून गवत खायला लावले, तेव्हा ती दोन्हीकडून अडचणीत आली : जंत जास्त लागतात आणि औषध कमी टिकते.

अल्बेंडाझोलच्या बाबतीत हे कसे घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. पाजलेले औषध कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, साठते आणि तेथून थोडे थोडे पुढे सरकते. रक्तात शिरून यकृतात पोहोचल्यावर त्याचे सल्फॉक्साइड होते आणि जंत मारण्याचे बहुतेक काम हेच रूप करते. त्यानंतर यकृत त्याचे सल्फोन करते, ज्याचा जंतावर काही परिणाम होत नाही. शेळीत हा दुसरा टप्पा झपाट्याने उरकतो, म्हणून कामाचे रूप रक्तात कमी वेळ राहते. या जातीची औषधे जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याचे अन्न घेणे बंद पाडतात, म्हणजे जंताला उपाशी मारतात. आणि उपाशी मारायचे तर वेळ लागतो. या औषधांचा जोर किती यापेक्षा त्यांचा मुक्काम किती, याला महत्त्व आहे. मेंढीत ते पाहुण्यासारखे राहते, शेळीत ते उंबऱ्यावरूनच परतते.

आमच्याकडचा मुख्य जंत म्हणजे हिमोंकस, पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त पिणारा. मादी दोन ते तीन सेंटिमीटर लांब असते. रक्ताने भरलेल्या तिच्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचे वेढे असतात, त्यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसते. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि एक जंत रोज सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हजार जंत असले तर रोजचे ५० मिलिलिटर झाले. या जंतामुळे हगवण लागेलच असे नाही, म्हणून पातळ लेंडीची वाट पाहत बसणारा मालक फसतो. पापणी पाहावी. खालची पापणी अंगठ्याने ओढली की आतला रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा हवा. तो फिकट गुलाबी होत होत चुन्यासारखा झाला, की जनावर गेल्यातच जमा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला, पाच रंगांच्या पट्ट्यांचा ‘फामाचा’ तक्ता याच कामासाठी आहे. माझी एक काळी पाट, म्हणजे तरुण शेळी, लेबलाप्रमाणे औषध पिऊनही जुलैच्या मध्यात तिच्या जबड्याखाली संध्याकाळी पाण्याची मऊ पिशवी लोंबू लागली, ती सकाळी ओसरे आणि दिवसभर चरून आली की पुन्हा भरे. पापणी पाहिली तेव्हा तिच्यात आणि माझ्या बनियनच्या रंगात फारसा फरक नव्हता.

त्या पाटीमुळे दुसरी फेरी लवकर घ्यावी लागली. डॉक्टरांनी शेळ्यांसाठी मात्रा मेंढीच्या दुप्पट केली, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम. तीस किलोच्या शेळीला ९ ऐवजी १८ मिलिलिटर. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, कारण पोटातल्या गर्भाला व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून नुकत्याच फळलेल्या दोन शेळ्या त्यांनी वगळल्या. बाकीच्यांचा चारा आदल्या संध्याकाळपासून बंद केला, पाणी चालू ठेवले. कोठीपोटात चारा कमी असला की औषध तेथून सावकाश पुढे जाते आणि मुक्काम वाढतो. आजारी पाटीला आणि शेवटच्या महिन्यातील गाभण शेळीला मात्र उपाशी ठेवायचे नाही.

पाजण्याची पद्धतही त्यांनी त्या दिवशी बदलायला लावली, आणि ही गोष्ट कोणत्याच बाटलीवर लिहिलेली मला आढळली नाही. आमचा राखणदार सिरिंज पुढच्या ओठांत धरून पिचकारी मारत असे. शेळी ते चाटत, थुंकत, अर्धे दाढीवर ओघळवत गिळे. शिवाय तोंडाच्या पुढच्या भागात औषध पडले की अन्ननलिकेच्या शेवटी असलेली घळ मिटून औषध कोठीपोट चुकवून थेट पुढे जाऊ शकते, मग साठवण होतच नाही. आता एका हाताने जबडा आडवा धरायचा, डोके उंच करायचे नाही, सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून दाढांच्या आधीच्या मोकळ्या जागेत घालायची आणि जिभेच्या मुळावर सावकाश सोडायची. घशाची हालचाल बोटाला जाणवली की सिरिंज बाहेर. मेंढी हे सगळे निमूटपणे सोसते. शेळी तुमच्या पायावर पाय देऊन उभी राहते आणि औषध गिळल्यावर, तुम्ही हात सोडल्यावर, मुद्दाम तोंडावर शिंकते.

चौदा दिवसांनी शेळ्यांची काच मेंढ्यांच्या काचेसारखी स्वच्छ आली. काळ्या पाटीची पापणी पूर्ववत व्हायला मात्र दीड महिना लागला, कारण औषध जंत मारते, गेलेले रक्त भरून देत नाही.

यावरून ‘शेळीला सगळेच दुप्पट’ असा निष्कर्ष कोणी काढील, आणि तोच सर्वांत घातक आहे. आमच्याच शिवारातील एका गृहस्थांनी माझे पाहून लेव्हामिसोल दुप्पट पाजले. हे औषध जंताच्या स्नायूंना लुळे करते, पण मात्रा जास्त झाली की जनावराच्या नसांवरही त्याच प्रकारे काम करते. अर्ध्या तासात त्यांचे दोन बोकड तोंडातून दोऱ्यासारखी लाळ गाळत, कान थरथरवत, भिंतीला टेकून उभे होते. सुदैवाने वाचले. मेंढीत लेव्हामिसोल किलोमागे साडेसात मिलिग्रॅम देतात आणि शेळीत १२ पर्यंत. यापुढे जाण्यास जागाच नाही, म्हणून ते देताना जनावराचे वजन डोळ्यांच्या अंदाजाने करू नये.

क्लोसँटेलची गोष्ट आणखी निराळी. ते रक्तातील प्रथिनाला घट्ट धरून राहते आणि रक्त पिणाऱ्या जंतालाच लागू पडते. मेंढीच्या रक्तात ते निम्मे व्हायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे एकदा पाजले की नव्याने शिरणाऱ्या हिमोंकसपासूनही काही आठवडे संरक्षण मिळते. शेळीत ते काही दिवसांतच निम्म्यावर येते. मग मात्रा वाढवावी का? मुळीच नाही, कारण क्लोसँटेल जास्त झाले तर डोळ्यांमागील नस सुजून जनावर कायमचे आंधळे होते. शेळीपुरते ते कमी दिवस पुरते, एवढेच लक्षात ठेवून पुढची तपासणी लवकर करायची.

आयव्हरमेक्टिन जपानमधील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले आणि त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक दिले गेले, हे खरे. पण आमच्याकडे ते गाईचे इंजेक्शन म्हणून येते आणि शेळीला सर्रास टोचले जाते. मेंढीला तोंडावाटे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम पुरते, शेळीला ०.४ लागते. टोचल्यास ते अंगात बराच काळ रेंगाळते, दुधात उतरत राहते, आणि रेंगाळणारी अपुरी पातळी हीच निगरगट्ट जंतांची शाळा ठरते.

येथे त्या तिरक्या रेघेचा खरा खर्च कळतो. अपुऱ्या मात्रेने कमकुवत जंत मरतात आणि चिवट उरतात, पुढची अंडी फक्त चिवटांची. अल्बेंडाझोलच्या कुळातील पहिले औषध, थायाबेंडाझोल, १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ मध्ये त्याला न जुमानणारे जंत मेंढ्यांत आढळले. तीन वर्षे पुरली. शेळीच्या पोटात तयार झालेला चिवट जंत शेळीपुरता राहत नाही, त्याच कुरणातल्या मेंढीत जातो, आणि मग लेबलावरची मात्रा मेंढीलाही लागू पडेनाशी होते. लेबल लिहिणाऱ्याने उंटावरून शेळ्या हाकल्या, त्या चालल्या मेंढ्यांच्या अंगावर. (आपल्या भाषेनेही हे जोडपे ‘शेळ्यामेंढ्या’ असे एका श्वासात उच्चारून ठेवले आहे, तेव्हा एकट्या कंपनीला काय बोलावे! उलट दिशेने हीच चूक खनिज मिश्रणात होते : शेळीला चालणारे तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एक दिवस तिचा जीव घेते.)

खर्चाचे बोलायचे तर लेबलाच्या हिशेबाने ही बाटली तीस किलोच्या १११ जनावरांना पुरते, शेळीच्या खऱ्या मात्रेने ५५ शेळ्यांना. शेळीपालकाने किंमत पाहताना ती मनात दुप्पट करूनच पाहावी. मात्रा वाढवली की दूध वापरात न घेण्याचे लेबलावरचे दिवसही पुरत नाहीत. आम्ही ते डॉक्टरांकडून नव्याने लिहून घेतले आणि तोवरचे दूध फेकले, करडांची सोय वगळून. मेंढ्यांचे औषध म्हणून मी या बाटलीला पाचपैकी साडेचार गुण देतो, अर्धा गुण टोपीसाठी कापून. शेळ्यांचे औषध म्हणून तीन, आणि तेही पशुवैद्याने मात्रा लिहून दिली असेल तर. नुसत्या लेबलावर विसंबून शेळीला पाजणार असाल, तर एक.

दुकानाचा अनुभव वेगळा सांगायला हवा. पहिल्या खेपेला मी शेळीची मात्रा निराळी असते का, असे विचारले होते, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ‘एक ही बात है, बाबूजी’ म्हणून बिल फाडले. ऑगस्टमध्ये दुसरी बाटली घ्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन्ही फेऱ्यांचे अंड्यांचे आकडे सोबत नेले. त्याचे वडील गल्ल्यावर होते. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले, चिठ्ठीची झेरॉक्स काढून काउंटरच्या काचेखाली सरकवली आणि मला विचारले, की तुमच्या शेळ्यांचे वजन तुम्ही कशावर करता. मी म्हटले, धान्याच्या लोंबत्या काट्यावर, पोत्याची झोळी करून. तसला काटा त्यांच्याकडे विकायला नव्हता. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा दोन टांगलेले होते.